उत्तम, चालू द्या

९ जानेवारी

प्रिय दादा,

साष्टांग नको, माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत. नुसता नमस्कार घे. इकडे सगळं ठीक आहे. तिकडेही ठीक असणार असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात अप्पांबद्दल दीड पान आहे आणि स्वतःबद्दल एक ओळही नाही.

तर तुला अप्पांच्या सत्काराच्या भाषणासाठी मजकूर हवा. ‘अप्पांच्या दिनचर्येवर चार ओळी लेखी पाठव, फोनवर तू विषय सोडून बोलतेस.’ मान्य. पण फोनवर तू मध्येच बोलतोस, हेही लिहून ठेव. पत्रात तुला गप्प बसावं लागतं, म्हणून मलाही हे सोयीचंच आहे.

आमच्या ज्येष्ठांच्या क्लबने यंदापासून ‘चिरतरुण पुरस्कार’ काढलाय आणि पहिलाच अप्पांना आहे, हे तुला अध्यक्षांनी कळवलंच असेल. (अध्यक्ष म्हणजे आपले फीतकापे. त्यांचं खरं आडनाव आता त्यांच्या बायकोलाही आठवत असेल की नाही, देव जाणे. पाण्याची टाकी असो की बागेतला बाक, फीत दिसली की माणसाचा हात आपोआप खिशातल्या कात्रीकडे जातो.) मानपत्र लिहायचं काम त्यांनी मलाच दिलं. ‘तुम्ही पुस्तकांची मुद्रितं तपासता, तुमच्यासारखं शुद्ध कोण लिहिणार?’ म्हणजे आपणच रांधायचं, आपणच वाढायचं आणि आपणच ‘वा, काय चव आहे’ म्हणायचं. लिहिलंय. ‘वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी डोळ्यांना चष्मा नाही, हातात काठी नाही, कानांना यंत्र नाही.’ तिन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या आहेत. शुद्धलेखनही तपासलंय.

आता दिनचर्या.

अप्पा उजाडायच्या आत उठतात. बागेत जाऊन क्लबच्या हास्यवर्गात हसतात. तिथे विनोद कोणी सांगत नाही, सगळे सरळ हसायलाच लागतात. आमच्या क्लबचे एकूण सगळे उपक्रम असेच, कारणावाचून जोरात. तिथे ‘म्हातारा’ हा शब्द काढायला बंदी आहे. ‘अनुभवी तरुण’ म्हणायचं. मी पन्नाशी ओलांडली तेव्हा फीतकाप्यांनी माझं स्वागत ‘या, आमच्या शिशुवर्गात या’ असं केलं होतं. मी म्हटलं, शिशूंना निदान दुपट्यात गुंडाळून झोपवतात तरी.

घरी आले की दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट. आणि मग फोन. फोनसाठी इस्त्रीचा शर्ट, हो. मी एकदा म्हटलं, ‘अहो, पलीकडच्याला दिसत नाही.’ तर म्हणाले, ‘छोटे, आवाजालाही इस्त्री लागते.’ हे वाक्य भाषणात घाल. टाळ्या मिळतील.

‘सकाळची साद’ तुला माहीत आहे. सगळ्या क्लबमध्ये खरोखर उपयोगाचा तेवढा एकच उपक्रम, आणि तो अप्पांचा. गावात एकटी राहणारी जी वयस्कर मंडळी आहेत, त्यांना रोज सकाळी एक फोन करायचा. टेलरकाका, पेटीवाल्या बाई, ते गणिताचे मास्तर, आणि सिस्टर, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. अशी डझनभर माणसं आहेत. फोन उचलला तर ठीक. नाही उचलला तर अप्पा त्या घराची किल्ली घेऊन निघतात. सगळ्यांच्या जादा किल्ल्या आपल्याकडे खुंट्यांच्या फळीवर टांगलेल्या असतात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. प्रश्न ठरलेले. ‘नमस्कार, उठलात का?’ थांबायचं. ‘झोप झाली?’ थांबायचं. ‘काही हवं-नको?’ थांबायचं. आणि शेवटी, ‘उत्तम! चालू द्या!’ क्लबमध्ये हे वाक्य आता इतकं प्रसिद्ध आहे की पुरस्काराच्या सन्मानचिन्हावर खाली तेच कोरताहेत.

मागच्या महिन्यात क्लबने गरजूंना श्रवणयंत्रं वाटली. वाटप अप्पांच्या हस्ते. फोटो पेपरात आला होता, कापून सोबत पाठवतेय.

एक विनंती. तू लिहितोस की भाषणात तुला तो किस्सा सांगायचा आहे. वहिनी घर सोडून गेल्याचं तू अप्पांना फोनवर सांगितलंस, तुला वाटलं ते कोसळतील, आणि ते शांतपणे म्हणाले, ‘उत्तम. चालू दे.’ त्या तीन शब्दांनी तुला उभं केलं, त्याला तू ‘स्थितप्रज्ञता’ म्हणतोस. दादा, तो किस्सा घालू नकोस. का, ते विचारू नकोस. लांबतो, असं समज.

बाकी विशेष काही नाही. सिस्टर परवा घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दवाखान्यात आहेत. थंडी बेताचीच.

अप्पांनी तुला आणि सूनबाईला आशीर्वाद सांगितलेत. हो, सूनबाईलाही. जसे सांगितले तसे लिहिले.

तुझी,
छोटी


२२ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. तू मुद्रितं तपासायला हवी होतीस; मी काय लिहिलं नाही ते तुला बरोबर दिसलं. ‘सिस्टर पडल्या हे तू थंडीच्या आधी एका ओळीत उरकलंस, म्हणजे त्यात काहीतरी आहे.’ आहे.

अप्पांना ऐकू येत नाही.

कमी ऐकू येतं, असं नव्हे. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडं पोचतं. उजवा कान शोभेला. फोनवर पलीकडे कोणी उचललं की काहीतरी खरखर जाणवते त्यांना, एवढंच. शब्द नाही. त्या प्रश्नांमधलं ते थांबणं आठव. ते ऐकण्यासाठी नसतं, अंदाजाने असतं. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागावा तेवढा सोडतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. इतक्या वर्षांच्या सवयीने तो अंदाज असा काही बसलाय की पलीकडच्यालाही कळू नये.

तू म्हणशील, मग क्लबात कोणाच्या लक्षात कसं येत नाही? अरे, जो सतत बोलतो त्याला ऐकावं लागत नाही, आणि क्लबात सगळेच सतत बोलतात. घरी टीव्ही बंद केलाय. ‘बातम्या ऐकण्यासारख्या राहिल्या नाहीत.’ रेडिओ माळ्यावर गेला. ‘हल्लीची गाणी!’ मी श्रवणयंत्राचं नाव काढलं तर वाटपातलं एक आणून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, ‘हे म्हाताऱ्यांसाठी असतं.’ क्लबात बंदी असलेला शब्द ते घरात फक्त एवढ्यासाठी वापरतात.

म्हणून गेलं वर्षभर मी काय करते, ते ऐक. अप्पा फोन उरकून पेपर घ्यायला कोपऱ्यावर गेले की मी माझ्या मोबाइलवरून त्याच सगळ्यांना पुन्हा फोन करते. टेलरकाका वैतागतात. ‘आत्ताच तुमच्या वडिलांनी विचारलं, उठलात का. तेवढ्यात मी काय मेलो?’ मी म्हणते, खात्री केलेली बरी. हे असं झाकपाक करून बरं चाललं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

त्या दिवशी सिस्टर सकाळी स्वयंपाकघराच्या दारात पाय सरकून पडल्या. त्यांचा फोन जुना, तारेचा, उंच फळीवर. तो वाजला तेव्हा त्यांनी सरपटत जाऊन तार ओढली, रिसीव्हर लोंबकळत खाली आला आणि हातात सापडला. फोन अप्पांचा होता. त्यांनी सांगितलं. अप्पांनी नेहमीचे प्रश्न विचारले, ‘उत्तम! चालू द्या!’ म्हणाले आणि ठेवला. फोनचा डबा वर फळीवरच. बटणं वर, सिस्टर खाली. रिसीव्हर जागेवर नाही म्हणून त्यानंतर लाइन एंगेज. मी फोन केला तर एंगेज. मला वाटलं, भाचीशी बोलत असतील, त्या दोघी सुरू झाल्या की गाव जागं होतं. दुपारी पुन्हा केला, पुन्हा एंगेज. मला हसू आलं. संध्याकाळी मात्र हसू आलं नाही. आपल्या खुंटीवरची हिरव्या दोऱ्याची किल्ली घेतली आणि पळत गेले.

त्या जागच होत्या. मला बघून पहिलं वाक्य, ‘आधी गॅस बघा, दूध ठेवलं होतं.’ दूध केव्हाच जळलं होतं, भांडं काळं पडलं होतं आणि गॅसची टाकी संपून गेली होती. सुदैव, दुसरं काय.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेले. तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, ‘रडणार असाल तर बाहेर जाऊन रडा, इथे पेशंट आहेत.’ मग स्वतःच सांगायला लागल्या. ‘मी ओरडले नाही हो. नीट सांगितलं, डॉक्टरांना सांगतात तसं. मी पडलेय, उठता येत नाही, कोणाला तरी पाठवा. तिकडून आलं, उत्तम, चालू द्या! आणि खट्.’ आणि हसल्या. हसताना दुखलं, तर हसण्यालाच शिवी घातली.

मी विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं? त्यांना ऐकू येत नाही ते?’

‘अहो बाई, सगळ्यांना माहीत आहे. टेलरकाका तर रोज त्यांना एक नवी शिवी देऊन बघतात. उत्तम म्हणतात ते.’

‘मग कोणी बोलला का नाहीत?’

‘काय बोलायचं? रोज सकाळी एक माणूस दाढी करून आपल्याला फोन लावतो. आमच्या सख्ख्यांनी लावलेत का कधी? आम्हाला वाटायचं, आपण फोन उचलतोय म्हणून तो माणूस उभा आहे. तर उचलावा.’ मग त्यांचा वॉर्डातला आवाज आला, लहानपणी आपण इंजेक्शनला घाबरायचो तेव्हाचा. ‘पण आता सांगा त्यांना. माझं हाड होतं, जोडलं. टेलरकाकांचं हृदय आहे. ते असं दिवसभर जमिनीवर वाट बघत बसणार नाही.’

मी म्हटलं, सांगते.

‘तुम्हाला जमत नसेल तर मी सांगेन. आयुष्यभर लोकांना वाईट बातम्याच दिल्यात मी.’

दादा, मला जमलेलं नाही. दोनदा त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि दोनदा चहा विचारून उठले. कारण माहीत आहे? सगळा गाव सिस्टरांची चौकशी करायला अप्पांकडे येतो आणि अप्पा प्रत्येकाला सांगतात, ‘सकाळी माझ्याशी बोलल्या तेव्हा अगदी ठणठणीत होत्या हो. नंतर पडल्या असणार.’ दवाखान्यात फुलं घेऊन गेले, तिथे सिस्टरांच्या तोंडावरही तेच म्हणाले. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

आणि आता फीतकाप्यांच्या डोक्यातून नवी कल्पना निघाली आहे. सत्काराच्या दिवशी अप्पांनी स्टेजवरून ‘सकाळची साद’ प्रत्यक्ष करून दाखवायची. स्पीकरवर, माइकसमोर. फोन कोणाला? तर दवाखान्यातल्या सिस्टरांना. ‘हृदयस्पर्शी होईल,’ म्हणाले. मी म्हटलं, कार्यक्रम संध्याकाळी आहे, सकाळची साद संध्याकाळी कशी? तर म्हणाले, ‘तुमचं आपलं मुद्रितशोधन!’ अप्पांना विचारलं, तर त्यांनी फीतकाप्यांच्या ओठांकडे बघून घेतलं आणि ‘उत्तम’ म्हणाले.

तू दोन दिवस आधी ये. आपण दोघं मिळून सांगू. तू थोरला आहेस, तुझं ते ऐकतील. हा शब्द मी लिहिला आणि खोडला नाही, तसाच ठेवलाय.

आणि तो किस्सा मी नको का म्हटलं, ते आता तुला कळलं असेल. कळूनही न कळल्यासारखं करता येतं. आपल्या घराण्यातच आहे ते.

वाट बघते.

छोटी


८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र सत्काराच्या आदल्या दिवशी आलं. ‘समारंभ होऊन जाऊ दे, त्यांचा एक दिवस त्यांना मिळू दे, मग शांतपणे बघू. मला निघणं जमत नाही, भाषण रेकॉर्ड करून पाठवलंय.’ शांतपणे बघायची आपल्याकडे मुळीच वाण नाही. इतकी वर्षं शांतपणेच बघतोय.

तरी तुझं पत्र वाचून मला आधी सुटल्यासारखंच वाटलं, हे कबूल करते. थोरल्याने सांगितलं, ‘मग बघू’, धाकटीने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात फोन करून सिस्टरांना एवढंच म्हटलं, ‘अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी तुम्हाला स्टेजवरून फोन येईल.’ त्या म्हणाल्या, ‘अध्यक्षांचा येऊन गेला. मी फक्त मजेत आहे म्हणायचं आहे, असं त्यांनी मला तीनदा समजावलं.’ पुढे काही बोलल्या नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. गप्प बसणारी ती बाई नव्हे.

सभागृह भरलं होतं. अनुभवी तरुण पुढच्या रांगांत, त्यांना घेऊन आलेले कंटाळलेले म्हातारे मागे. अप्पा नवा शर्ट घालून ताठ बसले होते. आधी मानपत्र वाचलं गेलं. ‘कानांना यंत्र नाही’ याला टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात माझ्या एकाही वाक्याला टाळ्या पडल्या नव्हत्या, पहिल्यांदा पडल्या त्या याला.

मग तू पडद्यावर आलास. बारीक झालायस. मागे खोली रिकामी दिसत होती. वहिनींची कुंड्यांची मांडणी होती तिथे नुसती भिंत. आणि तू तो किस्सा सांगितलासच. काय घडलं ते सांगितलं नाहीस, ‘आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी’ एवढंच म्हणालास. माझं पत्र वाचून, सगळं कळून, तरी सांगितलास. मला राग आला, आणि तुझ्या मागची ती नुसती भिंत पुन्हा दिसली तेव्हा गेलाही. तुला ते तीन शब्द खरे असायला हवे आहेत, हो ना? बायका डोळे पुसत होत्या. अप्पा पडद्याकडे बघून हसत होते. पोराचा चेहरा बऱ्याच दिवसांनी एवढा मोठा दिसला, म्हणून.

मग फीतकाप्यांनी फोन लावला आणि अप्पांच्या हातात दिला. स्पीकर मोठा, समोर माइक.

‘नमस्कार सिस्टर! उठलात का?’

सिस्टरांचा आवाज सबंध सभागृहात घुमला. ‘नाही उठले.’ लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत.

‘झोप झाली?’

‘नाही झाली.’ पुन्हा हसले, जरा कमी.

‘काही हवं-नको?’

‘हवंय,’ सिस्टर म्हणाल्या. अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ‘अप्पासाहेब, मी पडलेय. मला उठता येत नाही. कोणाला तरी पाठवा. त्या दिवशीही मी तुम्हाला हेच सांगितलं होतं.’

अप्पांनी नेहमीएवढा वेळ सोडला. मग छाती भरून म्हणाले, ‘उत्तम! चालू द्या!’ आणि फोन बंद करून लोकांकडे वळले.

दादा, सभागृहात पंखे आहेत हे मला त्या क्षणी कळलं. अप्पा हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत उभे. त्यांचं हसू हळूहळू एका जागी थांबलं, आपण काहीतरी विसरलोय का, अशा तऱ्हेने त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आणि फीतकाप्यांनी टाळी वाजवली. ‘काय विनोदबुद्धी आहे सिस्टरांची! याला म्हणतात जिद्द!’ मग पहिली रांग वाजवायला लागली, मग दुसरी, मग सगळे उठून उभे. एवढ्या टाळ्या त्या सभागृहात आजवर कोणाला मिळाल्या नसतील. मेलेलं मांजर दिसू नये म्हणून माणसं जशी भराभर माती लोटतात, तशा. अप्पांचा चेहरा पुन्हा फुलला. टाळ्या त्यांना दिसतात.

मी वाजवल्या नाहीत. शौर्य वगैरे काही नाही, हात उचललेच नाहीत. टेलरकाका माझ्या शेजारी बसले होते, त्यांनीही नाही. ते एवढंच पुटपुटले, ‘चांगली शिवी दिली बाईने.’

घरी आलो. अप्पांनी ते चिन्ह टेबलावर ठेवलं, बूट काढले, आणि बुटांकडेच बघत म्हणाले, ‘तू टाळ्या वाजवल्या नाहीस.’

मी डाव्या बाजूला जाऊन बसले.

‘काय म्हणाल्या गं सिस्टर?’

हा प्रश्न या घरात मी पहिल्यांदा ऐकला. कोण काय म्हणालं, हे अप्पांनी कोणाला विचारल्याचं तुला आठवतं? मी सांगितलं. त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं, दादा. असली गोष्ट कुजबुजून सांगायची असते, आणि मी ती शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होते. स्टेजवरचं सांगितलं. मग त्या दिवशीचं सांगितलं, लोंबकळणारा रिसीव्हर, दूध, संध्याकाळ. अर्ध्यात त्यांनी हात वर केला. मला वाटलं, पुरे म्हणताहेत. पण ते म्हणाले, ‘शेवटचं पुन्हा सांग. हळू नको बोलूस.’

सगळं झाल्यावर त्यांनी बूट उचलून जागेवर ठेवले. मग म्हणाले, ‘मग सगळ्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या?’

याला माझ्याकडे टोमणासुद्धा नव्हता. तुला माहीत आहे, माझ्याकडे तो नसतो असं सहसा होत नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा बागेत गेले नाहीत. दाढी नाही. फोनच्या वेळेला बनियनवर येऊन खुर्चीत बसले, फोनवर हात ठेवून. लावला नाही. मी म्हटलं, ‘लावू?’ त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी एकेकाशी बोलत गेले आणि ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. प्रत्येक फोन ठेवला की एकच प्रश्न, ‘काय म्हणाले?’ मी डाव्या कानात सांगायचं. पेटीवाल्या बाईंना दिसायला कमी झालंय, पेटीला कित्येक महिन्यांत हात लागलेला नाही. गणिताच्या मास्तरांची बहीण गेली. टेलरकाकांनी शिवणयंत्र देऊन टाकलं, हात थरथरतो. यातलं काही कालचं नव्हतं. सगळ्यांनी सगळं त्यांना सांगून झालं होतं, एकेका सकाळी, आणि प्रत्येकाला ‘उत्तम’ मिळालं होतं. अप्पा ऐकत गेले आणि खुर्चीत लहान होत गेले. हिरव्या दोऱ्याच्या किल्लीकडे बघून म्हणाले, ‘हिला फोन नाही लावायचा?’ मी म्हटलं, ‘त्या आता इथे राहायच्या नाहीत. भाची घेऊन जातेय. वॉकर कायमचा.’ त्यांनी ती किल्ली काढून हातात धरली. अजून खिशात घेऊन फिरतात. सिस्टरांना भेटायला चला म्हटलं, तर म्हणाले, ‘कुठल्या तोंडाने?’ मग, ‘कुठल्या कानाने, म्हण.’ आणि हसायला गेले, ते जमलं नाही.

श्रवणयंत्राची डबी टेबलावर त्या चिन्हाशेजारी पडून आहे. अजून उघडलेली नाही. चिन्ह मात्र त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. फीतकाप्यांचा निरोप आला, कार्यक्रम अविस्मरणीय झाला, पुढच्या वर्षी पुरस्कार एकाऐवजी दोघांना देऊ.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

काल जेवताना अप्पांनी घास हातात धरून विचारलं, ‘दादा दर रविवारी फोनवर काय म्हणतो?’

मी म्हटलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’

‘मला वाटायचं, मजेत आहेत दोघं. मी सूनबाईला आशीर्वाद सांगायचो.’ थोडं थांबले. हे थांबणं अंदाजाचं नव्हतं. ‘त्याने भाषणात काय सांगितलं? बायका रडत होत्या.’

मी सांगितलं नाही. सिस्टरांचं सांगितलं, टेलरकाकांचं सांगितलं, तुझं सांगितलं नाही. ते सांगणं माझं नाही. मी म्हटलं, ‘तो सांगेल.’ ते म्हणाले, ‘कसा?’

तुझ्या त्या तीन शब्दांवर तू उभा आहेस, ते मला काढून घ्यायचे नाहीत. पण त्या दिवशी तू जे सांगितलंस ते अजून कोणी ऐकलेलंच नाही, दादा. दोन वर्षं झाली, ते तसंच लोंबकळतंय. बापाने ऐकलं असतं तर काय म्हणाला असता, हे तुलाही माहीत नाही आणि त्यांनाही.

म्हणून या रविवारी फोन करू नकोस. ये. सुटी मिळत नसेल तर आजारी पड, आमच्या क्लबात सगळे त्याचं प्रशिक्षण देतील. दार मी उघडेन, चहा ठेवेन आणि पेपर आणायला कोपऱ्यावर जाईन, रमतगमत.

डाव्या बाजूला बस. मोठ्याने सांग. शेजाऱ्यांची काळजी करू नकोस.

तुझी,
छोटी